वणवा डोंगराचा, पंचनामा कोणाचा?

शिमगा जवळ आला की मुरबाड-शहापूरच्या डोंगरांवर रात्री लाल रेघ दिसू लागते. तिकडे माहुली, सिद्धगड, इकडे मलंगगडाची रांग, ठाण्याच्या अंगाला येऊर. डोंबिवलीच्या गच्चीवरून ती दिव्यांची आरास वाटते. डोंगराखाली ज्याची पेंढ्याची उडवी आणि आंब्याची कलमे आहेत, त्याला मात्र झोप लागत नाही.

आग राखीव जंगलात आहे तोवर ती वनखात्याची. बांध ओलांडून मालकीच्या रानात आली की शेतकऱ्याला सांगतात, महसूलकडे जा. महसूलवाले विचारतात, आग आली कुठून? जंगलातून? मग जंगलवाल्यांकडे जा. तलाठी-ग्रामसेवक (पदांची नावे आता बदलली, माणसे तीच) मुद्दाम टाळतात असे नाही. वरून आदेश नसला की त्यांचे हात चालत नाहीत.

आणि आदेश काढायची सोय तर कायद्यात आहे! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची जी व्याख्या आहे, तीत माणसाच्या हलगर्जीने ओढवलेले संकटही येते आणि पर्यावरणाची हानीही येते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ते टँकर, वाहने ताब्यात घेऊ शकतात, रस्ता बंद करू शकतात. तातडीची खरेदी निविदेवाचून करता येते. २०२० साली कोरोनात याच कायद्याने गावोगावच्या वाटा बंद झाल्या होत्या, हे कोणी विसरलेले नाही. रोगाला चालला तो कायदा वणव्याला का चालू नये? आपत्ती निधीच्या यादीत तर चक्रीवादळ, गारपिटीच्या जोडीला 'आग' हा शब्द छापलेलाच आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डोंगरांना ७ जानेवारी २०२५ रोजी आग लागली आणि महापौरांनी त्याच दिवशी आणीबाणी जाहीर केली. तिथे हजारो घरे जळाली, आपल्याकडे गवत आणि गोठे जळतात. बरोबरी करायची नाही. पण आदेश त्याच दिवशी निघाला, एवढे घेण्यासारखे आहे. आपल्याकडे महापौराला किंवा सरपंचाला तो अधिकार नाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडेच मागायचे.

यात एक भीती आहे आणि ती खोटी नाही. आणीबाणी म्हटली की पहिला गुन्हा राब भाजणाऱ्या गरिबावर दाखल होईल. १९२७ च्या वन कायद्यात आग लावणाऱ्याला शिक्षा आहे. जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला धावलेच पाहिजे, असेही कलम आहे. धावणाऱ्याच्या मजुरीचे काय, हे मात्र त्या कलमात सापडत नाही. तेव्हा आदेश आग विझवण्यासाठी आणि पंचनाम्यासाठी हवा, माणसे धरण्यासाठी नको.

आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. भर दुपारी, वारा सुटल्यावर राब पेटवायचा आणि घरी जेवायला जायचे, हे बरे नव्हे. मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तो विझवायला थांबत कोण? सहलीला येणाऱ्यांची थोटके आणि चुली तर वेगळ्याच. डोंगर उघडा झाला की पावसात माती वाहून खालच्या भातखाचरातच येते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची सूचना मोबाईलवर पाठवते. नाव नोंदवले की कोणालाही मिळते. सरपंच, पोलीस पाटलांनी ती घ्यावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जाळरेषेचा ठराव व्हावा, त्यात मालकीच्या रानाची हद्दही धरावी. आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात आदेशाचा मसुदा तयार असावा: कोणत्या गावाला कुठला टँकर, विझवायला जाणाऱ्यांची मजुरी कोणत्या खात्यातून, आणि मालकीच्या रानाचा पंचनामा किती दिवसांत, कोणाच्या सहीने.