आगपेटीवर मावणारा टॅरंटुला

कोळी दिसला की आपल्या घरात आधी केरसुणी पुढे येते. केरसुणी हाताशी नसली तर पायातली चप्पल. त्यात टॅरंटुला म्हटले की सिनेमात झोपलेल्या माणसाच्या अंगावर चढणारा केसाळ कोळी आठवतो आणि शहारा येतो. वाचकहो, आज आम्ही ज्या टॅरंटुलाची ओळख करून देत आहोत, तो आगपेटीवर पाय पसरून बसेल एवढाच आहे.

त्याचे शास्त्रीय नाव सिरिओकॉस्मस एलिगन्स. राहणार व्हेनेझुएला आणि शेजारच्या त्रिनिदाद-टोबॅगो बेटांवरचा. यूजीन सिमों या फ्रेंच कोळीतज्ज्ञाने १८८९ साली त्याचे वर्णन केले. त्याच व्हेनेझुएलात गोलायथ नावाचा टॅरंटुला आहे, तो पाय पसरले तर जवळजवळ फूटभर होतो. हा मात्र पूर्ण वाढला तरी दीड इंचाच्या आसपास. पण रूप पाहावे! पुढच्या तांबूस ढालीवर पत्त्यातल्या बदामासारखी काळी खूण आणि मागे काळ्या पोटावर वाघासारखे नारिंगी पट्टे.

हे रूप पाहूनच युरोप-अमेरिकेतले हौशी लोक तो पाळतात आणि डबीत त्याची पैदासही करतात. मात्र रूप दिसते ते मोठेपणी. विकत मिळते ते पिलू जेमतेम दोन मिलिमीटरचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे. खरी परीक्षा इथेच आहे. मोठा टॅरंटुला आठवडाभर विसरलात तरी चालते. या पिलाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती? डबीतली माती पूर्ण सुकली तर दोन-चार दिवसांत खेळ खलास. म्हणून घाबरून पाणी ओतावे, तर पिलू थेंबाला चिकटून बुडते, नाहीतर बुरशी धरते. अनुभवी माणसे औषधाच्या बाटलीएवढी डबी घेतात, तीत नारळाच्या काथ्याचा दमट भुसा दाबून भरतात आणि एकाच कडेला अधूनमधून थेंब सोडतात. एक बाजू ओलसर, एक कोरडी. कुठे बसायचे ते पिलाला कळते.

झाकणाला हवेची भोके लागतात, ती बारीक सुईने पाडावीत. खिळ्याने पाडलेल्या भोकातून पिलू रात्रीतून निघून जाते आणि सकाळी माणूस रिकाम्या मातीकडे बघत बसतो. थंडी वाजेल म्हणून काही जण वरून दिवा लावतात. तो तर लावूच नये. माती भाजून निघते. आपण ज्या खोलीत सुखाने राहतो, तिची ऊब त्याला पुरते.

खायला काय? जिवंत रातकिडा त्याच्यापेक्षा मोठा, तो उलट पिलालाच खाईल. तेव्हा मेलेल्या रातकिड्याची तोडलेली तंगडी बिळाच्या तोंडाशी ठेवतात. कोळ्याला घास गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, मांसाचे पाणी करतो आणि ते शोषतो. दुसऱ्या दिवशी उरलेले चिमट्याने उचलायचे, नाहीतर किडे पडतात. पिलू जरा वाढले की पंख न चालणारी चिलटे देता येतात.

आणि मग एक दिवस तो बीळ मातीने बंद करतो, खाणे सोडतो. नवखा पाळणारा इथेच चुकतो. मेला की काय म्हणून काडीने माती उकरतो. आत कोळी बहुधा उताणा पडलेला असतो, कारण तो कात टाकत असतो! त्या वेळी अंग इतके मऊ असते की काडीचा धक्काही जीव घेऊ शकतो. विषदातसुद्धा पांढरे, लुसलुशीत असतात. म्हणून कात टाकल्यावरही काही दिवस खाणे देत नाहीत. एखादा पाय तुटला असेल तर तोही कातीगणिक पुन्हा वाढतो. आम्हाला तर हे सगळ्यात नवलाचे वाटते.

हातावर घ्यायचा हा प्राणी नव्हे. चपळ इतका की दिसेनासा होतो, आणि पोटावरचे केस लागले तर खाज सुटते. त्याच्या विषाने माणूस दगावत नाही, पण पकडताना चिरडून तो मात्र दगावतो.

आमच्या सह्याद्रीतही बिळात राहणारे लहान टॅरंटुला आहेत. हे वाचून कुणी पोराने डोंगरात खणायला जाऊ नये. भारत-श्रीलंकेतल्या झाडावरच्या पोइसिलोथेरिया टॅरंटुलांना हौशी लोकांची इतकी मागणी आली, की २०१९ साली त्यांची नावे साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत घालावी लागली. डबीत जन्मलेले पिलू वेगळे आणि बिळातून उपटलेली मादी वेगळी.

मादीचे म्हणाल तर ती अनेक वर्षे जगते. नर वयात आला की मादीच्या शोधात भटकू लागतो आणि काही महिन्यांत संपतो. आपल्या डबीतले पिलू यांपैकी कोण, हे लहानपणी बघून कळत नाही. म्हणून जाणकार माणूस बिळाबाहेर टाकलेली कात फेकत नाही. पाण्यात भिजवून ती हलक्या हाताने उलगडतो आणि भिंगाखाली धरतो.