घरचा सर्व्हर: चावी कोणाकडे?

जुन्या लॅपटॉपवर घरचा सर्व्हर उभा करून मला आता तीन वर्षे झाली. ओळखीतली मुलेमुली विचारतात, "कोणते मशीन घेऊ? रॅम किती लागेल? वीज किती खाईल?" हे प्रश्न योग्यच आहेत, त्यांची उत्तरे पुढे देतो. पण एक प्रश्न मला आजवर कोणीच विचारलेला नाही: या सर्व्हरची चावी घरात कोणाकडे राहणार? माझ्या मते नवशिक्याने आधी याचाच विचार करायला हवा.

घरचा सर्व्हर म्हणजे फार मोठे काही नाही. घरात चोवीस तास चालू राहणारा एक संगणक. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे त्याच्यावर राहतात आणि प्रत्येकाला ती आपापल्या मोबाइलवरून पाहता येतात. आज हे काम आपल्यासाठी मोठ्या कंपन्या करतात, आणि बरेचदा चांगले करतात. मग हा खटाटोप कशासाठी?

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, त्यानंतरचे महिने आठवा. आपल्या कित्येक घरांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. शाळा सोडल्याचे दाखले, निकाहनामे, सातबाराचे उतारे, आजोबांचे रेशनकार्ड असे सगळे बाहेर आले. आमच्याकडेही घाईघाईने मोबाइलवर फोटो काढले, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले आणि काम झाले असे आम्ही समजलो. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. माझ्या फुफीच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाइल चिखलात गेली. त्या कागदांचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते, पण शोधायला बसलो तर एकाच्याही फोनमध्ये सापडले नाहीत. कोणी फोन बदलला होता, कोणी जागा भरली म्हणून ग्रुप साफ केला होता. कागद सगळ्यांचे होते, म्हणून जबाबदारी कोणाचीच नव्हती. घरचा सर्व्हर मी त्यानंतर उभा केला.

आता मशीन. नवे काही विकत घेऊ नका. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप सुरुवातीला उत्तम. नुसत्या फायली ठेवायच्या असतील तर ४ जीबी रॅम पुरते; फोटोंतले चेहरे ओळखणारे सॉफ्टवेअर हवे असेल तर ८ जीबी असू द्या. शांत चालणारा लॅपटॉप साधारण १२ वॉट घेतो असे धरले, तर महिन्याला नऊएक युनिट होतात. हेच काम ६० वॉट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केले तर त्रेचाळीस युनिट. बिल अब्बा भरत असतील तर हा हिशेब त्यांना आधीच दाखवा. लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. पावसाळ्यात लाइट गेली तरी मशीन धाडकन बंद पडत नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर ती काढून टाका, त्यात हयगय नको.

त्यावर डेबियनसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसवा. जी कमांड द्याल ती वहीत लिहा, अगदी शाळेतल्या प्रयोगवहीसारखी. सहा महिन्यांनी काहीतरी बिघडेल तेव्हा ती वहीच तुमची उस्ताद. आणि एका वेळी एकच सेवा चालू करा. फोटोंसाठी इमिच, किंवा फायलींसाठी नेक्स्टक्लाउड. दोन्ही एकाच आठवड्यात नको. स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवण्याचा मोह तर पहिली काही वर्षे टाळाच. तुमची पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील आणि का गेली ते शोधण्यात रविवार संपतील.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या पाळाच. पहिली, अपडेट आपोआप होतील अशी सोय करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरचे संगणक बंद पाडले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच येऊन पडले होते. लोकांनी ते घेतले नव्हते, एवढेच. दुसरी, सर्व्हरचे दार थेट इंटरनेटवर उघडू नका. अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या हजारो साठवण-यंत्रांतल्या फायलींना कुलूप घातले आणि खंडणी मागितली. त्यांत घरांतली यंत्रेही होती. बाहेरगावाहून घरचे फोटो पाहायचे असतील तर वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरा. त्यामुळे तुमच्या फोनपासून घरापर्यंत एक खासगी बोगदा तयार होतो आणि त्यातून फक्त तुमचीच माणसे येऊ-जाऊ शकतात. आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा जोडणीवर वायरगार्ड स्वतः बसवणे नवशिक्याला जड जाते. टेलस्केल मात्र सहसा चालते.

आता बॅकअप. इथे माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी माझा बॅकअप त्याच लॅपटॉपला कायम जोडलेल्या डिस्कवर होता. एका रात्री झोपेत चुकीची कमांड दिली आणि मूळ फायलींबरोबर बॅकअपही पुसला. अम्मीच्या फोनमध्ये बरेच फोटो शिल्लक होते म्हणून वाचलो. तेव्हापासून जुना नियम पाळतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. चिपळूणने हा नियम मला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला शिकवला. आमची तिसरी प्रत आता मुंब्र्याला मामूंकडे असते. ती रेस्टिक या प्रोग्रामने कुलूपबंद केलेली आहे. मामूंकडे डिस्क आहे, पण तिच्यात काय आहे ते त्यांना दिसत नाही, आणि त्यांनाही ते पाहायचे नाही. फक्त रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेलाच, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असतील तर तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. आणि महिन्यातून एकदा तरी बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून, उघडून पाहा. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबसारख्या मुरलेल्या कंपनीच्या हातून डेटा पुसला गेला, तेव्हा कळले की बॅकअपच्या अनेक पद्धतींपैकी धड चालत असलेली एकही नव्हती. सुमारे सहा तासांचे काम कायमचे गेले.

इथपर्यंतचे सगळे तुम्हाला इतरत्रही वाचायला मिळेल. आता चावीकडे येतो.

सर्व्हर स्थिरावल्यावर मी घरात पाय-होल बसवले. जाहिराती अडवणारा हा छोटा प्रोग्राम. घरातल्या प्रत्येक फोनने कोणत्या साइटचा पत्ता विचारला हे त्याच्याकडून जाते, आणि त्याची नोंद राहते. पहिल्या संध्याकाळी मी कौतुकाने ती यादी वाचत बसलो. पाच मिनिटांत लक्षात आले की मी माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस वाचतो आहे. ती कोणत्या साइटवर गेली, कोणत्या वेळी गेली, सगळे. तिला याचा पत्ताही नव्हता. तिने जाहिराती बंद झाल्या म्हणून मला शाबासकी दिली होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दूरच्या कंपनीने आपल्याकडे पाहू नये म्हणून मी हे सगळे केले होते. कंपनीला माझ्या बहिणीचे नावही ठाऊक नसेल. मी तिचा भाऊ. तिच्या शिक्षणावर, फोनवर, येण्या-जाण्यावर ज्याचे मत घरात ऐकले जाते तो. कंपनीच्या नजरेपेक्षा माझी नजर तिला जास्त महाग पडू शकते. आपल्या घरांत किती मुलींचे फोन भाऊ तपासतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या भावाच्या हाती आपण सर्व्हर देतो, तेव्हा त्याला स्वातंत्र्य मिळते आणि तिच्यावर पहारा बसतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळे सांगितले. ती रागावली, आणि ते बरोबरच होते. मग आम्ही दोघांनी बसून नियम केले. पाय-होलमध्ये नोंदी लपवण्याचे पर्याय असतात; साइटची नावे आणि फोनची ओळख दोन्ही झाकता येतात. ते आम्ही चालू केले आणि जुन्या नोंदी पुसल्या. प्रत्येकाचे खाते आणि पासवर्ड वेगळा केला. तरीही सर्व्हरचा व्यवस्थापक डिस्कवर साठवलेल्या फायली उघडू शकतो, हे मी घरात सगळ्यांना साध्या शब्दांत सांगितले. जे मला दिसू नये असे वाटते ते इथे ठेवू नका, असेही सांगितले. आणि सर्व्हरची दुसरी चावी बहिणीला दिली. आज ती माझ्याइतकीच व्यवस्थापक आहे. मागच्या दोन अपडेट्स तिनेच केल्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. आपण त्याचे स्वागत केले, कारण सरकारने आपल्या घरात डोकावू नये असे आपल्याला वाटते. पण मग घरातल्या मुलीच्या आयुष्यात आपण कोणत्या हक्काने डोकावतो? सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या पाळतीवर राहायला मनाई आहे. राउटरमागे बसून केलेली पाळत त्यातून सुटत नाही.

याच कारणाने आणखी एक सल्ला देतो, तो चळवळीत काम करणाऱ्यांसाठी. मदतीला आलेल्या बायकांचे कागद, तलाकच्या नोटिसा, मारहाणीचे फोटो पुष्कळ कार्यकर्त्यांच्या खासगी फोनमध्ये पडून असतात. ते आपल्या नव्या सर्व्हरवर ठेवावेत असे वाटेल. पहिले वर्षभर तरी ठेवू नका. आपले फोटो गेले तर आपण हळहळतो. तिचे कागद गेले किंवा भलत्याच्या हाती पडले तर तिची केस आणि तिची सुरक्षितता दोन्ही जातात. आधी आपल्या वस्तूंवर हात बसू द्या. अमानत त्यानंतर घ्यावी, आणि घेतली तर एकट्याने सांभाळू नये.

शेवटचे. आपल्या कोकणातली मुले शिकतात आणि बरीचशी आखाताकडे जातात. मुलगा दोह्याला आणि सर्व्हर घरात, अम्मीच्या शिलाई मशीनशेजारी. म्हणून एक पानभर चिठ्ठी मराठीत लिहून कपाटात ठेवा: कोणती वायर काढायची नाही, बंद पडले तर कोणते बटण दाबायचे, बॅकअप कुठे आहे, पासवर्डचे पाकीट कोणाकडे आहे. मग अम्मीला ती चिठ्ठी वाचून मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. तुम्ही मात्र हात मागे बांधून बाजूला उभे राहा. तिला जमले तर सर्व्हर घरचा झाला. नाही जमले तर तो अजून फक्त तुमचाच आहे, आणि काम बाकी आहे.