छावणीची उसनी शांतता

छत्रपती संभाजीनगरांत पहांटे धांवणारे वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते धांवतात कोठें? खाम नदी ओलांडून छावणीच्या आंतल्या रस्त्यांवर! तेथें वृक्षांची छाया आहे, वाहनांची वर्दळ कमी आहे. परंतु ही शांतता नगराची कमाई नव्हे; ती लष्करी शिस्तीची उसनवारी आहे. उद्यां तेथील फाटक बंद झालें, तर तक्रार कोणत्या तोंडानें करावयाची?

कोणी म्हणतील, रानांतल्या निवांत वाटा परदेशांतच शोभतात. येथें जागा कोठें आहे? पण स्पेनला तरी त्या आयत्या मिळाल्या काय? बंद पडलेल्या लोहमार्गांच्या पायवाटा करण्याचें काम त्या देशानें १९९३ सालीं हातीं घेतलें. आज त्यांची लांबी ३,००० किलोमीटरांहून अधिक आहे. आम्हांसही खामेचा कांठ आहे, दौलताबादेकडील माळ आहे. जागेची वाण नाहीं. वाण आहे ती इच्छेची. वर्षांतून एका रविवारीं रस्ते अडवून पदकें वांटणें सोपें असतें. उरलेल्या दिवसांसाठीं नदीकांठानें एक अखंड पायवाट राखून दाखवावी. मगच नगरानें आरोग्याच्या गोष्टी सांगाव्या.