१०८ घागरी आणि दोनशे ग्रॅम टीसीएल

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि नंतर महाडच्या सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले. १०८ घागरी पाणी उपसले, शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्रोच्चारात तळ्यात ओतले. हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो, टाळ्याही घेतो. पण त्यातला एक मुद्दा सुटतो. तळे आपल्या ओंजळीने नाही, त्यांच्या शेणाने घाण झाले. पाणी कशाने बाटते, याचे उत्तर त्यांनी पोथीत शोधले. आपण कुठे शोधतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला हा प्रश्न सतत पडतो. पाथर्डी तालुक्यातल्या एका बौद्ध कुटुंबाला सरकारी अनुदानातून विहीर मिळाली. पीकही त्यावर आणि पिणेही त्यावर. पावसाळ्यात घरातली दोन पोरे जुलाबाने आडवी झाली. आम्ही तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवले, दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. म्हणजे पाण्यात मैला उतरलाय. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून आठ-दहा पावलांवर आणि तोही चढाच्या अंगाला. घरचे म्हणाले, "पाणी तर काचेसारखं दिसतंय की!" आता ती माउली कॅन घेऊन शेजारच्या मळ्यात बोअरवर जाते. याच मळ्यात तिच्या सासूला वरून पाणी ओतले जायचे. स्वतःची विहीर दारात असून पुन्हा त्याच दारात उभे राहायचे, याला काय म्हणायचे?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. सुरुवातीला तिच्यात नव्या विहिरीला अडीच लाख आणि जुनीच्या दुरुस्तीला ५० हजार रुपये होते. ही योजना लढून टिकवलीच पाहिजे. पण अनुदानाचा शेवटचा हप्ता पडला की विहिरीचे पुढे काय करायचे, हे आपल्या माणसाला कुणी सांगत नाही. मग तो पाणाड्याला बोलावतो, पंप बिघडला की मेकॅनिक म्हणेल ते ऐकतो. तळहातावर नारळ उभा करून पाणी शोधणाऱ्याला पैसे मोजताना बावीस प्रतिज्ञा कुठे जातात, असे आम्ही एका बैठकीत विचारले. काही मंडळी रागावली. रागावू देत.

आपल्या भागात वर मुरूम आणि खाली काळा कातळ. कातळात पाणी साठते ते फटींत, आणि फट पाणी गाळत नाही. म्हणून शोषखड्डा, गोठा, उकिरडा विहिरीपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवा. विहिरीला कठडा, भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी लांब नेणारी नाली हवी. हे नसेल तर वर काय टाकता याला अर्थ नाही.

टीसीएल पावडर सगळे टाकतात, पण मूठभर, अंदाजाने. हिशोब सातवीच्या पोराला येईल असा आहे. विहीर ४ मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल. ३.१४ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ३, भागिले ४. उत्तर साधारण ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर १९० ग्रॅमच्या आसपास. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून ढवळायचे. तासभर कुणी प्यायचे नाही. पुडी उघडी राहिली असेल तर तिच्यात क्लोरीन उरत नाही, नुसता चुना टाकल्यासारखे होते.

गाळ काढायला कोण उतरते, हेही बोलले पाहिजे. बहुतेकदा आपलाच माणूस, रोजावर. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाची रबडी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर वाचवायला एकामागोमाग एक उतरले आणि पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला. अशा विहिरीत दिवा सोडून पाहू नका, त्या वायूचा भडका उडू शकतो. दोर नसेल, वर धरायला दोन माणसे नसतील तर मजुरी बुडाली तरी चालेल, उतरायचे नाही. आणि वास किंवा वायूची शंका असेल तर दोर असला तरी नाही.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवायचे आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन त्या पाच नावांची यादी मागा. त्यांत आपल्या वस्तीतली किती, ते मोजा. एकही नसेल तर पुढच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. येत्या २० मार्चला महाडला जाण्याआधी आम्ही पाथर्डी आणि शेवगावच्या वस्त्यांवर तपासणीच्या बाटल्या घेऊन फिरणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपापल्या विहिरीची रुंदी आणि पाण्याची खोली मोजून आणावी.