टोपणाखालचा दुष्काळ

मातीविना शेतीचं युनिट बघायला कोणी बोलावलं की यजमान मला लेट्यूसच्या हिरव्यागार रांगांकडे ओढत नेतात आणि मी पीएच मीटर कुठे ठेवता ते विचारतो. जागा ठरलेल्या असतात. पान्या-पक्कडीच्या डब्यात, गाडीच्या डॅशबोर्डवर, नाहीतर पंपाच्या स्विचबोर्डला सुतळीने टांगलेला. एका गृहस्थांनी तो देवघराच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवला होता. भक्तिभावाबद्दल माझी तक्रार नाही, पण टोपण काढलं तर आतला काचेचा गोळा ठणठणीत कोरडा. हे दाखवलं की उत्तरही ठरलेलंच: "अहो, पण चालतो की! नळाच्या पाण्यात बरोब्बर सात दाखवतो."

हे सात ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. लाखो रुपयांचं पॉलीहाऊस, आयात बियाणं, टायमरवर चालणारे पंप, आणि सगळ्याचा लगाम ज्याच्या हाती तो मीटर विश्वासाचा आहे की नाही याचा पुरावा काय, तर नळाचं पाणी.

पीएच मीटर पीएच मोजत नाही, तो व्होल्टेज मोजतो. काचेच्या गोळ्याच्या आत एक द्रावण, बाहेर तुमचं पोषणद्रावण, आणि दोन्हींच्या आम्लतेतल्या फरकामुळे काचेवर अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो. इलेक्ट्रोडची रचना अशी असते की सात पीएचला हा दाब शून्याच्या आसपास यावा. पुढे २५ अंश तापमानाला दर एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे सात हा आकडा दाखवायला इलेक्ट्रोडला काहीच करावं लागत नाही. काच तडकलेला मीटर नळाच्या पाण्यातही सात दाखवतो, व्हिनेगरमध्येही सातच्याच आसपास घोटाळतो आणि साबणाच्या पाण्यातही. तुम्ही ज्याला प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला समजता, तो मेलेल्या मीटरलाही मिळतो.

अर्थात कोरडा पडलेला इलेक्ट्रोड एका रात्रीत मरत नाही. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं, माणूस निदान नवा घेतो. तो हळूहळू आळशी होतो. आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, आज एक तर उद्या दुसरा येतो, आणि ५९ मिलिव्होल्टच्या जागी पन्नास, पंचेचाळीस, चाळीस मिळू लागतात. याला स्लोप घसरणं म्हणतात. प्रयोगशाळेतला माणूस स्लोप नव्वद टक्क्यांच्या खाली गेला की कपाळाला आठ्या घालतो. आपल्या पेनासारख्या मीटरवर स्लोप दाखवायची सोय बहुधा नसतेच, त्यामुळे आपल्या कपाळावर आठीही उमटत नाही.

आता हिशोब करा. स्लोप सत्तर टक्क्यांवर आलाय. मालकांनी कॅलिब्रेशन केलं, पण सातच्या जवळच्या एकाच बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, मागचा स्क्रू पिळून. टाकीचा पीएच त्यांना साडेपाचवर आणायचा आहे. मीटरवर ५.५ दिसेपर्यंत ते थेंब थेंब फॉस्फोरिक ॲसिड सोडत राहतात. सातपासून दीड खाली दाखवायला या थकलेल्या मीटरला प्रत्यक्षात २.१४ खाली जावं लागतं, म्हणजे टाकी पोचते ४.८६ वर. पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने ती आखली तेव्हापासून एक अंक म्हणजे दहापट. इथली चूक ०.६४, म्हणजे हवी होती त्याच्या चौपटीहून जास्त आम्लता. मुळं तपकिरी पडायला लागतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलणं जड जातं, लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. मग काय, बियाणं भेसळीचं, खतवाला चोर, उन्हाळा वाईट, पाण्यात बुरशी! बुरशीनाशक येतं, नवं खत येतं, सल्लागार येतो, सल्लागाराचं बिल येतं. मीटर सुतळीला लटकत सगळा तमाशा बघत असतो.

आणि ही चूक कधी वर, कधी खाली अशी पडत नाही, हे नीट लक्षात घ्या. स्लोप पडलेला आणि साताला जुळवलेला मीटर आम्लाच्या बाजूला नेहमी खरं आहे त्यापेक्षा सौम्य दाखवतो. माणूस आणखी ॲसिड ओततो. आपली सगळी लागवड ५.५ ते ६.५ या पट्ट्यात चालते, म्हणजे मीटर जिथे हमखास फसवतो त्याच बाजूला.

काचेला कोरडं का चालत नाही? त्या गोळ्याच्या पृष्ठभागावर पाणी प्यायलेल्या काचेचा एक अतिशय पातळ थर असतो, मायक्रॉनच्या अंशाइतका. हायड्रोजन आयनांशी देवाणघेवाण तिथेच होते. थर सुकला की देवाणघेवाण थांबते. शेजारी आणखी एक नाजूक जागा आहे, संदर्भ इलेक्ट्रोडची. तिथे पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण एका सच्छिद्र खड्यातून किंवा वातीतून बाहेरच्या पाण्याशी संपर्क ठेवतं. हे सुकलं की मिठाचे खडे त्या छिद्रांत अडकतात आणि आकडा वाहत राहतो. लोणचं खारात बुडालेलं असेपर्यंत टिकतं, इलेक्ट्रोडचंही तसंच आहे. याचा खार म्हणजे तीन मोलर पोटॅशियम क्लोराईड.

खार म्हटलं की दुसरा वर्ग पुढे सरसावतो, तो शहाण्यांचा. हे मीटर कोरडा ठेवत नाहीत, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात, आणि वर "आम्ही आरओचंच पाणी वापरतो" असं अभिमानाने सांगतात. शुद्ध म्हणजे चांगलं, ही आपली जुनी सोवळी समजूत. त्या शुद्ध पाण्यात क्षार नसतात, इलेक्ट्रोडच्या पोटात ठासून भरलेले असतात, त्यामुळे आतले क्षार झिरपत बाहेर येतात आणि संदर्भ द्रावण पातळ होत जातं. डिस्टिल्ड पाणी धुवायला आहे, मुक्कामाला नाही. साठवण द्रावण हाताशी नसेल तर चारच्या बफरमध्ये ठेवा, तेही नसेल तर रात्रीपुरतं साधं नळाचं पाणी डिस्टिल्डपेक्षा परवडलं. हे सांगितलं की ही मंडळी माझ्याकडे मी त्यांना गढूळ पाणी प्यायला सांगितल्यासारखं बघतात.

पण मी मघापासून ज्यांना झोडपतोय ते गिऱ्हाईक आहेत. खरा राग पलीकडच्या बाजूवर आहे.

चार-पाचशे रुपयांच्या पिवळ्या मीटरचा खोका उघडून बघा. मीटर, बफर पावडरच्या दोन-तीन पुड्या, एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि मुंगीच्या अक्षरातला कागद. टोपणात कोरडं हवामान. साठवण द्रावणाचा थेंब नाही, आणि कागदावर सल्ला काय, तर धुवा, पुसा, टोपण लावा! काच कारखान्यातून निघाली, बोटीत बसली, गोदामात उन्हाळा काढला, दुकानाच्या काचेत मिरवली आणि तुमच्या हातात आली तोवर कोरडीच. नवा मीटर वापरण्याआधी काही तास, जमल्यास रात्रभर साठवण द्रावणात भिजवायचा असतो, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं किंवा सांगायचं नसतं. दुकानात "स्टोरेज सोल्युशन द्या" म्हटलं की काउंटरवरचा मुलगा आधी मालकाकडे बघतो. मालक मानही वर न करता म्हणतो, "पाण्यात ठेवा हो साहेब, काही होत नाही."

हे उपकरण जन्मलंच मुळी फळबागायतदारांच्या गरजेतून. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळं पिकवणाऱ्यांच्या सहकारी संघातला एक रसायनतज्ज्ञ, ग्लेन जोसेफ, आपल्या जुन्या वर्गमित्राकडे, कॅलटेकमधल्या अर्नोल्ड बेकमनकडे गेला. लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती आणि रसातल्या सल्फर डायऑक्साइडपुढे तेव्हाच्या पद्धती हात टेकत होत्या. काचेचा इलेक्ट्रोड टिकायचा, पण त्याचा विद्युतप्रवाह इतका क्षीण की नेहमीच्या उपकरणांना तो मोजता यायचा नाही. बेकमनने व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडून मीटर बनवला आणि तो पुढे १९५ डॉलरला विकला, त्या काळात हे थोडेथोडके पैसे नव्हते. पुढच्या नव्वद वर्षांत ट्यूब जाऊन चिप आली, पेटी जाऊन पेन आलं, किंमत रस्त्यावर आली. काच मात्र तीच राहिली. तिची तहानही तीच. स्वस्त झालं ते इलेक्ट्रॉनिक्स, आणि बाजाराने गिऱ्हाइकाला पटवलं की सगळं उपकरणच आता टॉर्चसारखं वापरून खिशात टाकायचं झालंय.

या बाजाराची लाडकी जाहिरात म्हणजे एटीसी, आपोआप तापमान जुळवणी. खोक्यावर ठळक अक्षरात. एप्रिलमध्ये तुमची टाकी ३५ अंशांवर गेली तर साडेपाचच्या आसपास तापमानामुळे पडणारा फरक साधारण ०.०५ असतो. तेवढा दुरुस्त करण्याचं श्रेय मिरवायचं, आणि कोरड्या काचेमुळे पडणाऱ्या दहापटीहून मोठ्या चुकीबद्दल अवाक्षर नाही. शिवाय पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे! ५.५२ दिसलं की माणूस नतमस्तक होतो. ५.५२ आणि ५.५४ यांवर टाकीकाठी तावातावाने भांडणारे दोन भाऊ मी पाहिलेत. त्या मीटरचं टोपण हरवलेलं होतं.

प्रशिक्षणवाल्यांना तरी का सोडायचं? हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचा वर्ग, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. एकरी उत्पन्नाचे तक्ते, मॉलचे भाव, अनुदानाच्या वाटा, यशोगाथांच्या चित्रफिती. मीटर हातात धरून फोटो निघतो. तो मीटर रात्री कुठे झोपतो, यावर पाच मिनिटंही खर्च होत नाहीत. कारण ते सांगितलं तर सगळं जरा कष्टाचं वाटायला लागेल, आणि मातीविना शेती तर बिनकष्टाची म्हणून विकायची आहे.

कष्ट खरं तर किती? प्रयोगशाळेच्या प्रतीचं पोटॅशियम क्लोराईड २२.४ ग्रॅम घ्यायचं, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण शंभर मिलिलिटर करायचं. झालं तीन मोलर द्रावण, कित्येक महिने पुरेल इतकं. खताच्या दुकानातला लालसर पोटॅश यात घालू नका. हे लिहावं लागतंय, कारण घालणारे भेटलेत. टोपणात थोडं द्रावण, गोळा बुडेल किंवा आतला स्पंज ओला राहील एवढं, आणि मीटर सावलीत उभा. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही, तिथे बंद टोपणातलंही आटतं. टोपणाभोवती पांढरे खडे जमले तर घाबरून दुकानात धावू नये, ते मीठच आहे, धुतलं की गेलं. वापरानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, आणि मऊ कागदाने पाणी टिपायचं. टिपायचं, पुसायचं नाही. सदऱ्याच्या टोकाने काच चकचकीत घासणारे लोक तिच्यावर स्थिर विद्युतभार चढवतात आणि मग आकडा का नाचतो म्हणून मीटरला शिव्या देतात. काचेवर क्षारांचा थर दिसला तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवायचं, धुवायचं, परत खारात. हा मीटर टाकीत कायमचा सोडूनही ठेवायचा नसतो. शेवाळाची बुळबुळीत साय चढते आणि तुम्ही टाकीचा नाही, शेवाळाचा पीएच वाचत बसता.

कॅलिब्रेशन दोन बफरमध्ये, ६.८६ आणि ४.०१. आपण आम्लाच्या बाजूला राहतो, तेव्हा ९.१८ ची पुडी बाजूला ठेवली तरी चालेल. ज्या मीटरला मागे एकच स्क्रू आहे, त्याने सात जुळवायचा आणि चारच्या बफरमध्ये काय दाखवतो ते फक्त बघायचं. साडेचार, पावणेपाच दाखवत असेल तर रात्रभर खारात ठेवून पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर तो मीटर गेला. स्क्रू पिळून मढं उठत नाही. आणि वापरलेला बफर परत बाटलीत ओतणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही, संपादकांना भाषा आवरावी लागेल.

"मग महागडाच घ्यायचा ना!" असं म्हणणारे असतात, त्यांना वाटतं पैशाने काच पाणी पिते. महागड्या मीटरचा फायदा एवढाच की इलेक्ट्रोड बदलता येतो, स्लोप दिसतो, काच जरा बरी असते. कोरडा ठेवलात तर तोही त्याच वाटेने जातो, फक्त नुकसान जास्त शून्यांचं होतं. नीट ठेवलेलाही इलेक्ट्रोड साधारण वर्ष-दोन वर्षांचा सोबती. तो खोक्यात पडून राहिला तरी म्हातारा होतो. म्हणूनच दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, इलेक्ट्रोड कधी बनला ते विचारा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. दोन वर्षांत मरणाऱ्या काचेच्या खोक्यावर ती शोधून दाखवा. नसेल, टोपण उघडल्यावर आत ओल नसेल, आणि साठवण द्रावणाची बाटली मागितल्यावर काउंटरवरचा मुलगा पुन्हा मालकाकडे बघायला लागला, तर खोका तिथेच ठेवून बाहेर पडा. मालकाने मागून सवलत ओरडून सांगितली तरी.