वही परत देताना



पावसाळ्यात लोणच्याच्या बरण्या कशा सांभाळाव्यात यावर मागे लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणींची पत्रं आली. त्यातल्या एका पत्रात, मोहरीच्या प्रमाणाची शंका विचारून झाल्यावर, अगदी खाली कोपऱ्यात एकीनं लिहिलं होतं, ‘‘मी थोडंफार लिहिते. कुणाला दाखवावं?’’

उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पानाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, एक प्रत जवळ ठेवा, अमक्या मासिकाला पाठवा. पण तो प्रश्न वाचून मला माझीच एक चूक आठवली आणि चार दिवस ती डोक्यातून जाईना. तेव्हा आज स्वयंपाकघर राहू दे बाजूला.

आमचं घोटावडे मुळशी तालुक्यातलं. एका अंगाला पिरंगुटचे कारखाने, दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, आणि मध्ये अजून जी काही उरलीत ती भातखाचरं. मी लग्न होऊन इथे आले. बी.ए.ला मराठी घेतलेलं, त्याच्या जोरावर शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे गावात मी सगळ्यांची ‘बाई’. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या पलीकडच्या आळीतल्या वहिनीसुद्धा मला बाईच म्हणतात.

या वहिनी तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आल्या. पदराखालून एक दोनशे पानी वही काढली. वही मुलाची, पुढच्या पानांवर त्याची गणितं. मागून उलटी धरून वहिनींनी लिहिलं होतं. ‘‘बाई, काय तरी खरडलंय. जरा बघता का सवडीनं?’’ एवढं बोलून, चहालासुद्धा न थांबता गेल्या.

मी रात्री जेवणं आटोपल्यावर वही उघडली. माहेरच्या भातलावणीबद्दल होतं. आई, दोघी बहिणी, डोक्यावर इरली, गुडघाभर चिखल. मी काय करावं? हातात नेहमीचं लाल पेन होतं, शेजारी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. त्याच ओघात मी वहिनींची वहीही तपासली! ‘आन्’चं ‘आणि’ केलं, ‘न्हवतं’चं ‘नव्हते’ केलं, ऱ्हस्व-दीर्घाखाली रेघा ओढल्या. शेवटी शेरा दिला : ‘विषय चांगला. शुद्धलेखन सुधारावे. वाचन वाढवावे.’

वहिनींनी वही घेतली, उघडून पाहिली, मिटली. ‘‘लई वेळ घेतला तुमचा,’’ म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, आपण किती मन लावून वाचलं!

पुढे वही आली नाही. मीही विसरले. वर्षभरानं त्यांची मुलगी माझ्या वर्गात आली. निबंधाच्या तासाला ती सहज बोलून गेली, ‘‘आई पण आधी लिहायची. आता म्हणते, आपल्याला शुद्ध येत नाही.’’

त्या सुमाराला मी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुन्हा वाचत होते. फलटणच्या बेबीताईंचं छोटंसं दुकान होतं. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून, मुलापासून लपवून ठेवायच्या. एकदोन महिने नव्हे, वीसएक वर्षं! फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या विदुषी राहत. मूळच्या अमेरिकेतल्या, पण मराठी भाषेचा अभ्यास करता करता इथल्याच झालेल्या. बेबीताई लिहितात हे त्यांना कळलं आणि ते बाहेर यावं म्हणून त्या मागे लागल्या. १९८२ पासून ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः छापून येऊ लागलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. महार समाजातल्या बायकांचं जगणं त्यांच्याच बोलीत, त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलेलं. आज ते विद्यापीठांतून अभ्यासलं जातं, इंग्रजीतही गेलं आहे.

वाचताना मी थांबले ती एका विचारानं. समजा, ते लपवलेले कागद पहिल्यांदा माझ्या हातात पडले असते तर? मी लाल पेन काढलं असतं. मग ते कागद पुन्हा दुकानातल्या रद्दीखाली गेले असते आणि बाहेर कुणाला पत्ताही लागला नसता.

‘स्त्री’चं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. १९३० साली किर्लोस्करवाडीहून हे मासिक सुरू झालं. लिहिणाऱ्या बायका तयार मिळतील म्हणून ते थांबलं असतं, तर पहिला अंक निघालाच नसता. पुढे विद्या बाळ तिथे कामाला लागल्या, संपादक झाल्या, आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. २०२० साली विद्याताई गेल्या, पण त्या अंकातून पहिल्यांदा नाव छापून आलेल्या बायका गावोगाव सापडतील.

आता तुम्ही म्हणाल, मग काय चुका दाखवायच्याच नाहीत? सगळं गोडच बोलायचं? छे, छे. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत. कथा परत पाठवायची तरी कुठे फसली, कुठे आणखी काही दडलेलं आहे, ते सविस्तर कळवत. लेखक कधी चिडत, कधी तीच कथा पुन्हा पुन्हा लिहीत. पण संपादकानं आपली कथा शेवटपर्यंत वाचली आहे, हे त्या पत्रावरून कळत असे. माझ्या शेऱ्यावरून एवढंच कळत होतं की माझा ‘न्हवतं’वर राग आहे.

खरं तर हे मला सांगायला ‘सत्यकथा’ कशाला हवी? आमच्याच मुळशीत याहून मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी १९८० नंतरच्या काळात इथल्या डोंगराळ गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यात मुळशीतल्या खेड्यांतल्या बायका नुसत्या गाणाऱ्या म्हणून नव्हे, तर ओव्या गोळा करणाऱ्या म्हणूनही सामील होत्या. माझ्या दृष्टीनं त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गाव नोंदवलेलं आहे. पहाटेच्या अंधारात, पिठाच्या घरघरीत म्हटलेली ओवी, जिला कुणी कर्ती विचारली नव्हती, तिच्यापुढे नाव लागलं! ‘न्हवतं’चं ‘नव्हते’ केलेलं नाही. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून त्या ओव्या प्रसिद्ध करायला घेतल्या. मोबाईलवर ऐकायला मिळतात, जरूर ऐका.

(नाही तर हल्ली आपण काय करतो? मैत्रिणीची कविता आवडली की पुढे पाठवतो. दहाव्या घरी पोचेपर्यंत तिचं नाव गळून जातं आणि अकराव्या घरी दुसऱ्याच कुणाचं चिकटतं! निदान तेवढं तरी पाहत चला.)

तर, मी वहिनींकडे गेले. खूप उशिरा, पण गेले. म्हटलं, ‘‘वहिनी, माझं चुकलं. ती वही पुन्हा द्या.’’ त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘‘ती कवाच रद्दीत गेली, बाई.’’

काय बोलणार? मी खाली बसले आणि सूप ओढून खडे काढू लागले. बराच वेळ गेला. मग मी त्यांना म्हटलं, त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘चिखलातनं पाय काढला की आईचा पाय कुठला आन् माझा कुठला ते कळत न्हवतं.’ वहिनींचा हात थांबला. ‘‘तुम्हाला हे ध्यानात हाय?’’ हो, होतं. गंमत पाहा, ज्या वाक्यात मी सगळ्यात जास्त लाल केलं होतं, तेच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेतलं, जसं बोलतील तसं. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी अशाच उतरून ठेवल्या नव्हत्या का? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा स्वतः कवी असूनही आईचं हे बाड अत्र्यांना दाखवताना संकोचला होता. १९५२ साली पुस्तक आलं, तेव्हा त्या जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या हाती काही ते पडलं नाही. मला ही गोष्ट नेहमी टोचते.

आता आमचं काय चाललंय ते सांगते, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या बहिणीला काही उपयोग होईल. महिन्यातून एकदा बचत गटाची बैठक संपली, हिशेब झाले, की अर्धा तास आम्ही राखून ठेवतो. कुणी काही लिहिलं असेल तर ते वाचायचं. पण लिहिणारीनं नाही, दुसरीनं वाचायचं. स्वतः वाचलं की बाई लाजून घाईघाईत उरकते. दुसरी अडखळत वाचते, आणि जिथे अडखळते तिथे लिहिणारीला आपोआप कळतं. मग एकेकीनं फक्त एवढंच सांगायचं की कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं. ‘छान’ म्हणायला बंदी. ही बंदी सगळ्यात जड गेली, हो! आपल्याला हळदीकुंकवात ‘छान’ म्हणायची इतकी सवय. पण ‘छान’ म्हणजे विषय संपला, पुढच्या महिन्यात ती काय घेऊन येणार?

शुद्धलेखन शेवटी. मजकूर पाठवायचा ठरला की मी बसते तिच्याशेजारी. पेन्सिलीनं, आणि विचारून. बोलण्यातले शब्द तसेच ठेवते.

घरच्यांचा प्रश्न निघतोच. ‘‘लिहून मिळतं काय?’’ खरं उत्तर द्यावं. बहुधा काही मिळत नाही, छापून आलं तर अंकाची एक प्रत मिळते. दिवाळी अंकांना वेळेवर पाठवलं तरी कित्येकदा पोचसुद्धा येत नाही. वहिनींचा पहिला लेख असाच गेला तो गेला. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा थांबणार. पण दुसऱ्या लेखाच्या वेळी आमच्या गटातल्या एकीनं न सांगता जे केलं, ते मला सुचलंच नव्हतं. लेख पुरा करायच्या संध्याकाळी ती वहिनींच्या घरी गेली आणि त्यांच्या भाकऱ्या थापून आली. पंधरा भाकऱ्या, आणि वर वांग्याचं कालवण. आम्ही बाकीच्या नुसत्या ‘लिहा, लिहा’ करत होतो.

हा दुसरा लेख बैठकीत वाचला तेव्हा वहिनींच्या सासूबाईही येऊन बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘त्या साली लावणी आषाढात न्हाई झाली, पाऊस वढला व्हता. सरावण लागला व्हता.’’ वहिनींनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं. सासूबाईंनी पुढे आणखी चार गोष्टी सांगितल्या, त्या मी दुसऱ्या वहीत उतरवून घेतल्या आहेत.

लेख तयार आहे. स्वच्छ अक्षरात लिहून झाला, प्रत काढली, पाकीटही आणलं. अडलंय ते नावावर. वहिनींना माहेरचं नाव घालायचं आहे, कारण लावणी माहेरची. भावजींचं म्हणणं, मग लोकांना कळायचं कसं ही आमच्या घरातली? मी त्यांना मालतीबाई बेडेकरांची गोष्ट सांगितली. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ त्यांनी विभावरी शिरूरकर या नावानं छापलं आणि ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रभर शोध चालला होता. भावजी हसले, पण हो म्हणाले नाहीत. वहिनी म्हणतात, टोपणनाव नको, इतकी वर्षं झाकूनच ठेवलं होतं की. पाकीट सध्या आमच्या कपाटावर आहे, नावाची जागा तेवढी कोरी आहे.