कागदावरचा पाय

असईची लढाई आपण शाळेत वाचतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनला नमवले, हेही ठाऊक असते. लंडनमध्ये त्याने आपल्या बूटवाल्याला काय सांगितले, हे मात्र आपल्या पुस्तकांत येत नाही. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या हॉबी नावाच्या कारागिराकडून तो बूट शिवून घेई. तेव्हाच्या हेसियन बुटाला वर गोंडा असे. ड्यूकने तो काढायला लावला, वासराचे मऊ कातडे घ्यायला सांगितले आणि बूट पायाला लागून बसेल असा बेतून घेतला. घोड्यावर चालावा आणि संध्याकाळी मेजवानीलाही शोभावा, एवढाच हेतू. पुढे 1853 च्या सुमारास हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये रबरी बूट काढायला सुरुवात केली. आज भाताच्या चिखलात आणि गटारकामावर घातला जातो त्या गमबुटाला इंग्रज अजूनही वेलिंग्टनच म्हणतात.

सरदाराचे लाड म्हणून ही गोष्ट बाजूला सारू नये. पादत्राण अर्धे करणाऱ्याने घडवायचे आणि अर्धे घालणाऱ्याने, ही जुनी रीत तीत दिसते. युरोपात तर सुमारे दोनशे वर्षे दोन्ही पायांचे बूट एकाच साच्यावर, म्हणजे कळबुतावर, ओढले जात. डावा कोणता आणि उजवा कोणता, हे वापरणाऱ्याचे पाय हळूहळू ठरवत.

माझ्याकडे चौदा वर्षांपूर्वी करवून घेतलेला एक जोड आहे. कारागिराने वर्तमानपत्राचा कागद पसरून मला त्यावर उभे केले. बसून माप घेऊ दिले नाही, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. पेन्सिल सरळ धरून त्याने पावलाभोवती रेघ ओढली, मग कागदाच्या पट्टीने चवड्याचा आणि घोट्याचा घेर घेतला. माझा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा लांब आहे, हे त्याला दोन मिनिटांत कळले. मला चाळीस वर्षांत कळले नव्हते.

तरी बूट करंगळीपाशी चावायचा. तिथले कातडे ओल्या फडक्याने भिजवून आतून लाकडाची गुंडी रात्रभर दाबून ठेवली, असे तीन-चारदा केले तेव्हा करंगळीला जागा झाली. पहिल्या पावसाळ्यात कातडी तळ फरशीवर घसरू लागला म्हणून खाली रबराचा अर्धा तळ बसवून घेतला. माझ्या चालीने टाचेची बाहेरची कड आधी झिजते, तिथे नाल ठोकली. पट्ट्याला एक भोक मीच आरीने पाडले आणि ते थोडे तिरके गेले. तळ आतापर्यंत तीनदा बदलला आहे. ज्या कारागिराने बूट शिवला तो आता दुकानात बसत नाही, पण दुसऱ्या कोणी तळ उसवला तरी आतली शिवण त्याला वाचता येते.

ही रीत मोडली ती यंत्राने, आणि त्या यंत्राबद्दल माझ्या मनात आदर आहे. वरचे कातडे कळबुतावर ताणून तळाशी घट्ट बसवणे हे सगळ्यांत अवघड काम. कसलेला हात दिवसाला पन्नासेक जोड करी. सुरिनामहून अमेरिकेतल्या लिन गावी आलेल्या यान मात्सेलिगर या कृष्णवर्णीय कामगाराने त्यासाठी यंत्र बनवले आणि 20 मार्च 1883 रोजी त्याचे पेटंट मिळवले. यंत्र दिवसाला दीडशेपासून सातशे जोडांपर्यंत काम करी. बूट स्वस्त झाले. मात्सेलिगर 1889 मध्ये क्षयाने गेला, तेव्हा त्याला सदतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्यामुळे किती गरिबांच्या पायांत पहिल्यांदा बूट आला असेल! अनवाणी चालण्यापेक्षा नंबराचा बूट कधीही बरा.

पण नंबर म्हणजे काय? इंग्रजी मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, म्हणजे जवाच्या एका दाण्याएवढी. आपल्याकडेही आठ जवांचे एक अंगुळ धरत. दाणा दोघांचा एकच. नंबरात उरली ती फक्त लांबी. चवड्याची रुंदी, पावलाचा उंचवटा आणि डाव्या-उजव्यातला फरक गळून पडला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात एक लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली आणि भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलापेक्षा रुंद असते, असा निष्कर्ष काढला. त्यातून ‘भा’ ही स्वदेशी मापपद्धत सुचवली गेली. काम मोलाचे आहे. मात्र कागदावर रेघ ओढणाऱ्याला हे केव्हाच माहीत होते, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

न विचारण्याचे कारण आपल्याला चांगले ठाऊक आहे. दुसऱ्याचा पाय हातात घेऊन माप घेणाऱ्यांना याच समाजाने शिवायचे नाही असे ठरवले होते. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या शरण मंडळीत हरळय्या हे चर्मकार मानाने बसत. त्यांची कथा महाराष्ट्र-कर्नाटकात आजही सांगितली जाते. तरीही रापीच्या धारेतले ज्ञान विद्या म्हणून आपण मानले नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशीच चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण संतापलो. तो संताप रास्त होता. पण संतापलेल्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी आपल्या पायाचे माप देऊन वहाण करवून घेतली?

केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय ठरले. पादत्राणे त्यात नाहीत. आज बाजारातले बहुतेक बूट डिंकाने चिकटवलेले असतात; तळ निघाला की जोड कचऱ्यात. तळ बदलता येईल अशी शिवण आहे की नाही, हे खोक्यावर छापणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे, आणि ‘भा’ची मापे पक्की करणाऱ्या समितीत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कारागिरांना बसवावे. तोवर पुढचा जोड घेण्याआधी गावातल्या मोच्याकडे जा, कागदावर दोन्ही पाय ठेवून उभे राहा, आणि तो कागद जपून ठेवायला त्याला सांगा.